अडचणीचा रकाना

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो, आणि गेले चार महिने कुलूपबंद आहे. गुन्हा काही केलेला नाही. सगळ्यांनी मला वाचावं आणि कोणी माझ्यावर लिहू नये, एवढ्यासाठी माझ्यावर काच बसवली आहे.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. तिथून मी अंधेरीच्या एका शिकवणीत गेलो. ती दहा वर्षं मजेची होती, कारण जो तो माझ्यावर लिहायचा. कुणीतरी सरांचं चित्र न पुसल्या जाणाऱ्या पेनाने काढलं, ते मी तीन वर्षं अंगावर मिरवलं. शिकवणी बंद पडल्यावर विलेपार्ल्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर मला टेम्पोत घालून घेऊन आले. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दहा मिनिटांत सर नाहीसे झाले. स्पिरिटने तसलं पेनसुद्धा जातं, हे नंदकिशोरांना पक्कं ठाऊक आहे. हे जरा लक्षात ठेवा.

सोसायटीत चार मजले आणि सोळा घरं. सांडपाण्याचे उभे पाइप कुजले होते, ते बदलायचे होते. एकावर एक असलेल्या चार घरांच्या न्हाणीघरांतून एकच पाइप खाली येतो, त्याला लाइन म्हणतात. एका घरात काम अडलं की अख्खी लाइन अडते. म्हणून मला समितीच्या खोलीत टांगलं आणि माझ्यावर रकाने आखले: लाइन, काम, तारीख आणि शेवटी अडचण.

दर रविवारी पाच माणसं चहा पीत बसायची आणि नंदकिशोर तोंडाला येईल तसं लिहायचे. ‘गवंडी गावाला पळाला.’ ‘दुसऱ्या मजल्याची कटकट.’ त्यातलं निम्मं ऐकीव असायचं, पण ते पाचही जणांना माहीत असायचं, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

समितीबाहेरचे रहिवासी मात्र कावले होते. आमचं काम कधी, म्हणून नंदकिशोरांना जिन्यात गाठायचे, भाजी घेताना गाठायचे. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या सर्वेशने तोड काढली. तो पवईला एका कंपनीत आहे.

“काका, फळाच खाली लावा ना,” तो म्हणाला. “आमच्याकडे कामाचा तक्ता सगळ्यांना दिसतो. हात लावायचा तो फक्त काम करणाऱ्यांनी. तुमच्या डोक्याचा ताप जाईल.”

ताप खरंच गेला. मला जसाच्या तसा उचलून खाली जिन्यापाशी लावलं, काच बसली, कुलूप लागलं, किल्ली नंदकिशोरांच्या स्कूटरच्या जुडग्यात गेली. दुधाची पिशवी घेऊन जाणारी माणसं थांबून मला वाचू लागली. कौतुक झालं, मी खोटं कशाला बोलू, ते मला आवडलं. पण अडचणीचा रकाना पाच जणांसाठी लिहिलेला होता, हे उचलताना कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

चार नंबरच्या लाइनसमोर लिहिलं होतं, ‘३०४ दार उघडत नाहीत.’

तीनशे चारमध्ये शकुमावशी आणि त्यांचे यजमान काशीराम राहतात. काशीराम गिरणीत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. प्लंबर एका दुपारी न सांगता गेला. तीन दिवस न्हाणीघर फोडून ठेवणार म्हणाला. मावशींनी जाळीच्या दारातून सांगितलं, दोन दिवस आधी कळवा, यांना मरोळला भाचीकडे नेते, मग खुशाल फोडा. प्लंबरने खाली येऊन सांगितलं, दार उघडलं नाही. नंदकिशोरांनी तेच लिहिलं.

आता ते काचेआड होतं, आणि काचेआडचं लोकांना खरं वाटतं. कुणीतरी माझा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चारशे चारची सुगंधा मावशींशी बोलेनाशी झाली. तोंडावर कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मावशी ग्रुपवर नाहीत. एका सकाळी त्या खाली आल्या, चष्मा लावून माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि ती ओळ दोनदा वाचली. मला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आपलं म्हणणं लिहिलं आणि काशीरामांच्या मलमपट्टीच्या चिकटपट्टीने बरोबर त्या रकान्यावर लावलं. तासाभरात वॉचमन विशालने ते काढून मावशींना परत नेऊन दिलं. काचेवर काही लावू नये, असा नियम होता. चूक त्याची नव्हती.

संध्याकाळी मावशींनी नंदकिशोरांना माझ्यासमोरच गाठलं. पुठ्ठा त्यांच्या हातात होता.

“वाचूक मेळता रे नंदू, लिवूक नाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या घराबद्दल तू लिवलंस. माका विचारलंस काय?”

नंदकिशोरांनी पुठ्ठा वाचला. मग किल्ली काढली. काच उघडून त्यांनी ती ओळ तळहातानेच पुसली आणि खिशाला लावलेलं पेन काढून लिहिलं, ‘३०४ ला न कळवता गेलो. चूक समितीची.’ खाली सही केली. येणारेजाणारे थांबले होते, एकाने फोटोही काढला.

“आता तारीख लिव,” मावशी म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी सर्वेश आणि विशालने काशीरामांना खुर्चीत बसवून खाली आणलं. टॅक्सी येईपर्यंत ते माझ्यासमोर होते. त्यांनी ती ओळ सावकाश वाचली आणि मावशींकडे पाहून हसले. सुगंधा पाण्याची बाटली घेऊन खाली आली होती.

मित्रांनो, मी फक्त फळा आहे. लिहिलेलं खरं की ऐकीव, मला कळत नाही. मला सगळ्यांपुढे जरूर ठेवा. पण ज्याच्याबद्दल लिहिता त्याला आधी विचारा, कारण काच लागल्यावर त्याला उत्तर देता येत नाही.

चारही लाइनींचं काम आता झालं आहे. सगळे रकाने पुसले गेले, एक ओळ तेवढी राहिली. त्या संध्याकाळी नंदकिशोरांच्या खिशात पाइपांवर नंबर टाकायचं, न पुसलं जाणारं पेन होतं. स्पिरिटची बाटली समितीच्या कपाटातच आहे. ती त्यांनी अजून काढलेली नाही.