सुईशिवाय दवाखाना

आर्णी तालुक्यातल्या त्या गावचा पशुवैद्यकीय दवाखाना रोज सकाळी पावणेआठला उघडे. परिचर देवीलाल राठोड सायकल कडुनिंबाला टेकवी, कुलूप काढी, व्हरांड्यातल्या लेंड्या झाडी, जनावरे बांधायच्या लोखंडी खोड्यावर दोन बादल्या पाणी मारी आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून डॉक्टरांच्या खुर्चीत बसे. शेवटची कृती सोडली तर बाकी सगळे नियमात बसणारे होते. डॉक्टरांची जागा तीन वर्षे रिकामी होती. शासनाला ती दिसत नव्हती आणि गावाला ती रिकामी वाटत नव्हती.

त्या सोमवारी आठ वाजता डॉ. अर्पिता गावंडे रुजू झाली. देवीलालने उठून खुर्ची रुमालाने पुसली आणि "बसा म्याडम" म्हटले. स्टेथोस्कोप काढायचे मात्र त्याला सुचले नाही.

नेरहून येताना अर्पिताने बसमध्येच ठरवले होते की पहिल्या दिवशी कुणाला दुखवायचे नाही आणि कुठलेही जनावर मरू द्यायचे नाही. साडेआठपर्यंत दोन्ही निश्चय अबाधित होते, कारण कुणी आलेच नव्हते.

मग ऑटोतून सुग्राबी शेळी घेऊन उतरली. मागोमाग आठ-दहा माणसे आली, ज्यांचा शेळीशी काही संबंध नव्हता.

"डॉक्टर! ओ डॉक्टर!"

अर्पिता पुढे झाली. सुग्राबी तिला वळसा घालून देवीलालसमोर उभी राहिली.

"पाहा जी, सकाऊन घमेलंभर चुनी खाल्ली इनं. तुरीची, भिजवेल. पोटाचा ढोल झाला. अन् ह्या कोन?"

"नव्या म्याडम हायेत."

"असं का? बसा बाई," सुग्राबीने अर्पिताला तिच्याच दवाखान्यात जागा दाखवली.

शेळीची डावी कूस ताणून टणक झाली होती, श्वास उथळ चालला होता. अर्पिताने पोटाखाली हात घातला. आत काहीतरी हलले.

"किती महिन्यांची गाभण आहे?"

"चार पुरे झाले. दोन पिल्लं हायेत, लिहून ठेवा."

देवीलालने तोवर लाल झाकणाच्या बाटलीतून सुई भरलीही होती. लंगडा बैल, तापलेली म्हैस, रुसलेला कुत्रा, सर्वांना तो हेच देई. आणि वाईट म्हणजे जनावरे दोन दिवस टवटवीत दिसत. ते स्टेरॉइड होते. गाभण शेळीला या महिन्यात ते टोचले की परवापर्यंत दोन्ही पिल्ले अपुऱ्या दिवसांची पडणार, आणि फुगलेले पोट तसेच राहणार.

'थांबा' म्हणणे सोपे होते. पण दहा माणसांदेखत तसे म्हणणे म्हणजे निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाचे धोतर सोडण्यासारखेच होते. सुई शेळीच्या मानेपाशी पोचली होती.

"डॉक्टर," अर्पिता म्हणाली.

देवीलालने मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"डॉक्टर, गाभण शेळीला ही सुई चालत नाही, असं मघाशी तुम्हीच सांगितलंत ना? आधी नळी घालू म्हणालात."

हे धादांत खोटे होते. देवीलालने सुईकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याची कानशिले लाल झाली.

"तेच तं," तो सावकाश म्हणाला. "म्याडमले तपासून राह्यलो होतो, ध्यान हाय का नाई."

त्याने शेळीचे तोंड असे धरले की तसे अर्पिताला कॉलेजात कुणी धरून दिले नव्हते. नळी उतरली. नेमक्या त्याच क्षणी उपसरपंच घनश्यामभाऊ पुष्पगुच्छ घेऊन आले आणि काय चाललेय ते पाहायला वाकले. शेळीच्या पोटातला सगळा वायू त्यांच्या चेहऱ्यावर सुटला. जमाव थेट कडुनिंबापर्यंत मागे सरला.

"फुलं नाकाले लावा भाऊ," सुग्राबी म्हणाली, "कामी येतीन."

नळीतूनच तेल गेले. कूस हळूहळू मऊ झाली. शेळी ओरडली आणि पुष्पगुच्छातले एक पान तोडायला धावली.

"आता सुई," सुग्राबी म्हणाली.

"गरज नाही, मावशी."

"सुई नाई? मंग कायचा दवाखाना? नळी तं माह्या घरीबी हाय, शेगडीची!"

अर्पिताने जीवनसत्त्वाची सुई भरली आणि देवीलालच्या हातात दिली. त्याने टोचली. सुग्राबीचे समाधान झाले.

"तुमच्या हाताले गुण हाय, डॉक्टर." मग अर्पिताकडे वळून, "शिकून घे बाई, चार महिन्यांत जातीन हे."

"शिकते," अर्पिता म्हणाली.

एक वाजता देवीलाल जेवायला घरी गेला. अर्पिताने जिल्हा कार्यालयाच्या नावे कागद घेतला, 'विषय' लिहिले आणि बराच वेळ त्यापुढच्या कोऱ्या जागेकडे पाहत बसली. मग कागदाची घडी करून ती डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

कपाट उघडून तिने लाल झाकणाच्या सगळ्या बाटल्या आपल्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवल्या. रिकाम्या जागी, देवीलालच्या हाताला सहज येतील अशा, जीवनसत्त्वाच्या बाटल्या मांडल्या. ड्रॉवरला कुलूप लावले, किल्ली पर्समध्ये टाकली आणि ड्रॉवर एकदा ओढून पाहिला. तो उघडला नाही.