एटा मे राखाडीच होती

हार्लनच्या धाकट्या लेकीने, लॉरेनने, बोस्टनच्या दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं ते १९८३ साल. त्याच वसंतात एटा मे निळी झाली. म्हणजे गावाच्या मते निळी. हार्लनच्या मते राखाडी.

एटा मे म्हणजे हार्लनची बोट. नाव त्याच्या आईचं. छत्तीस फूट, लाकडी, तीस वर्षं पांढरी. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरणारा माणूस बोटीला वाटेल तो रंग देईल, निळा देणार नाही. निळी बोट समुद्राला आपली वाटते, आणि आपली वस्तू तो घरी घेऊन जातो.

पण लॉरेन म्हणाली, "पांढऱ्या झग्यामागे पांढरी बोट? फोटोत मी दिसेन तरी का, बाबा?" म्हणून हार्लन तीन संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली रंगांचं कार्ड घेऊन बसला आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांतून त्याने समुद्रपक्ष्याच्या पाठीसारखा राखाडी निवडला.

"मर्लला बोलाव," बायको व्हर्ना म्हणाली.

"तो मला मेला."

"मग मेलेल्याच्या दाराकडे रोज खिडकीतून काय बघतोस?"

मर्ल हा थोरला भाऊ, रस्त्यापलीकडे राहणारा. अकरा वर्षांपूर्वी हार्लनने त्याचा डुकराच्या केसांचा ब्रश मागून नेला, त्यांच्या वडिलांच्या हातचा, आणि रंगाच्या डब्यात बुडवून रेडिओवर बेसबॉल ऐकायला बसला. सकाळी ब्रशचा दगड झाला होता. मर्लने तो दगड आपल्या शेडच्या दारावर खिळ्याने ठोकला, बरोबर हार्लनच्या खिडकीसमोर. तेव्हापासून बोलणं बंद.

खरी अडचण वेगळीच होती. हिवाळ्यापासून हार्लनचा उजवा हात थरथरत होता. रंगारी लावला असता तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदराला कळलं असतं, आणि मग एकेक जण येऊन फार प्रेमाने म्हणाला असता, हार्लन, विक आता बोट. त्या प्रेमाचीच त्याला धास्ती होती. म्हणून एकट्यानेच रंगवायचं ठरलं.

जुना रंग घासताना काही अडलं नाही. घासायला थरथर उलट उपयोगीच पडते. अस्तरही निभावलं. शेवटचा हात मात्र दोघांचा असतो. एकाने रोलर फिरवत पुढे जायचं, दुसऱ्याने मागोमाग ब्रशचं टोक हलकंच ओढून बुडबुडे मोडायचे. बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत थांबायचं नाही. थांबलात की ओली कड सुकते आणि तो सांधा जन्मभर दिसतो.

दव सुकल्यावर हार्लनने सुरुवात केली. चार फूट झाले असतील.

"निळी आहे," मागून आवाज आला. मर्लचा. अकरा वर्षांनी.

हार्लनने मागे वळून पाहिलं नाही. "राखाडी आहे."

"माझे डोळे फुटले नाहीत अजून."

"डब्यावर लिहिलंय."

"डबा गेला खड्ड्यात! आईच्या नावाची बोट, आणि निळी? ती कबरीतून उठून तुझा कान पिळेल."

"वाटेत तुझं घर लागतं. आधी तुझा पिळेल."

मर्ल जवळ आला. "आणि हे काय? गोगलगाईनं फिरवला का ब्रश?"

हार्लनने हात खिशात घातला. खिसा थरथरायला लागला. मर्लने खिशाकडे पाहिलं, मग रंगाकडे.

"कड सुकतेय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग रोलर धर, गाढवा. आणि थांब, तुझ्या ब्रशला मी शिवणार नाही." दुखऱ्या गुडघ्याने मर्ल धावत घरी गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आपला ब्रश घेऊन आला.

दोघे निघाले. अकरा वर्षांचं भांडण तुंबलेलं होतं. वडिलांचा नांगर कोणी लाटला इथपासून आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं इथपर्यंत सगळं निघालं. पण रागावून निघून जायची सोय नव्हती. कड सुकली असती.

"माशी चिकटलीय."

"काढ मग."

"तुझ्या बाजूची आहे."

"ब्रश तुझ्या हातात आहे!"

व्हर्ना कॉफी घेऊन आली. "अगंबाई, बोलताय तुम्ही?"

"नाही," दोघे एकदम म्हणाले. "भांडतोय."

दुसरी बाजू संपेपर्यंत राग संपला, रंग थोडा उरला. तेवढ्यात ऊन फिरून बोटीवर आलं. हार्लन चार पावलं मागे सरला.

"मर्ल, जराशी निळी दिसतेय का रे?"

मर्लने बोटीकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या गुडघ्याकडे.

"राखाडी आहे," तो म्हणाला. "परत कोण घासतंय?"

त्या संध्याकाळी हार्लनने मर्लचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये तीनदा धुतला, केस विंचरले, कागदात गुंडाळला आणि थरथरत्या हातानेच नेऊन दिला. सकाळी शेडच्या दारावरचा दगड गेला होता. खिळा होता.

"खिळा कशाला ठेवलास?" हार्लनने रस्त्यावरून ओरडून विचारलं.

"तुझा काय भरवसा!"

बंदरावर कोणी बोटीला निळी म्हटलं की मर्ल बाह्या सरसावायचा. इतकी गुळगुळीत कोणी रंगवली असं विचारलं की म्हणायचा, "हार्लननं. एकट्यानं. मी फक्त शिव्या द्यायला गेलो होतो."

बोट विक असं हार्लनला कोणी म्हणालं नाही. पुढे सहा उन्हाळे त्याने एटा मे चालवली, आणि समुद्राने ती मागितली नाही. मर्ल १९८९ च्या फेब्रुवारीत आपल्या घरी झोपेत वारला. हार्लन १९९१ च्या ऑक्टोबरात वारला, तोही अंथरुणातच.