कपाटातले चष्मे

कोळवणच्या गोजराबाई भाकरी थापत होत्या आणि सून रेश्मा त्यांच्या बोटांकडे बघत होती. ॲसिडचे शिंतोडे उडून उडून बोटं पिवळी पडली होती, हळद लागल्यासारखी.

"आत्या, सोमवारपास्नं माझीबी अशीच व्हणार का?"

तव्यावरची भाकरी करपली.

पौडजवळच्या एका प्रयोगशाळेत गोजराबाई चार वर्षं सफाईला होत्या. सोमवारपासून रेश्माही तिथंच लागणार होती. तिथली रीत अशी, की प्रयोग शिकलेल्यांनी करायचा आणि उरलेलं विषारी पाणी मागच्या बोळात नेऊन मोठ्या कॅनमध्ये ओतायचं ते मावशींनी. ही रीत कुठल्या नियमात नव्हती; घाण कुणी उचलायची हे आपल्याकडे न सांगताच ठरतं, तशी ती ठरली होती. याची चीड येते. चष्मे, हातमोजे होते की! कपाटात कुलूपबंद, तपासणीच्या दिवसापुरते.

त्या दुपारी प्रयोग करणाऱ्या शेखर सरांनी उरलेल्या पाण्याची बाटली पुढे केली. "मावशी, एवढं कॅनमध्ये ओतून टाका. उद्या तपासणी आहे."

"ह्यात काय हाय, सर? आन् कॅनात काय हाय?"

"तुम्हाला काय करायचंय? रोज ओतताच ना?"

गोजराबाईंच्या मनात आलं, आपली नोकरी जाईल, सुनेची लागायच्या आधीच जाईल. पण सकाळचा प्रश्न डोक्यातून हलेना. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"म्या न्हाई वतणार. ज्यानं केलंया त्यानं वतावं. माझी सूनबी वतणार न्हाई."

"ठीक आहे, मीच ओततो!" सर तडकले.

त्यांनी कपाट उघडलं. चष्मा चढवला, हातमोजे घातले. बोळातला कॅन आत आणून वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याखाली ठेवला. नरसाळं लावलं, आणि मग कॅनवरची चिठ्ठी वाचली. कॅनमध्ये स्पिरिट होतं, बाटलीत नायट्रिक ॲसिड. सरांचा हात थांबला. त्यांनी बाटली लांब नेऊन ठेवली.

"मावशी, हे एकत्र ओतलं असतं तर कॅन तोंडावर फुटला असता."

गोजराबाई कॅनकडे बघतच नव्हत्या. त्या सरांच्या चष्म्याकडे बघत होत्या.

"म्हंजी सर, कसं वतायचं ते तुमास्नी समदं ठावं व्हतं."



सोमवारी रेश्मा कामावर आली. झाडू हातात घेण्याआधी तिनं कपाटाची किल्ली मागितली.