विहिरीची पुरी गोष्ट

पिंपळगाव रेणुकाईत बिभीषणच्या मळ्यातून शाळेकडे जाणारी वाट विहिरीच्या कडेनं जायची, आणि त्याची लेक राजनंदिनी त्या वाटेनं जायला तयार नव्हती. दप्तर अडकवलं की ती मागं सरायची. त्या दिवशी तर ती दाराची चौकट धरूनच बसली.

"आई, आसरा मला पाण्यात ओढतील!"

सत्यशीला हातातलं काम टाकून दाराशी आली. ही गोष्ट तिनंच लेकीच्या डोक्यात भरवली होती. लेक विहिरीकडं फिरकू नये म्हणून तिनं सांगितलं होतं, की पाण्यात आसरा, म्हणजे जलदेवता, असतात आणि काठावर आलेली पोर ओढून नेतात. पोर काठापासून लांब राहिली खरी, पण आता तिनं वाटही टाकली होती.

सासू बायनाबाई ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. मेंढरं धुता धुता लहानपणीच नदीत पोहायला शिकलेली बाई ती.

"सत्यशीला, आसरांना मी दरसाल नारळ देते. त्या लेकरं ओढत न्हाईत. तू तुझं भेव त्यांच्या नावावर खपवून राह्यलीस."

"आत्या, माझी थोरली बहीण..."

"ठावं हाय मला. मंग तेच सांग तिला. गोष्ट सांगायची तर पुरी सांग!"

 लग्नानंतर सत्यशीलानं बहिणीचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. ती लेकीशेजारी बसली.

"नंदे, तुला एक मावशी होती. सुरेखा. पाणी शेंदताना तिचा पाय घसरला. आम्ही बायापोरी काठावर उभ्या राहून नुसत्या वरडत होतो. गडीमाणसं रानातून पळत आली, तवर..."

"आसरांनी नेलं तिला?"

"लोक तसंच म्हणले. पण न्हाई गं. तिला पवता येत नव्हतं. आमच्यातल्या एकीलाबी येत नव्हतं."

राजनंदिनीनं आईकडं पाहिलं. "आता येतं का तुला?"

केवढा साधा प्रश्न! सत्यशीला सासूकडं वळली. "आत्या, मला पवायला शिकवा!"

रविवारी दुपारी ती विहिरीच्या पायऱ्या उतरली. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वर बिभीषणच्या हातात होतं; राजनंदिनी त्याच्यामागं दडून पाहत होती. बायनाबाई आधीच पाण्यात उतरली होती. पाणी काळंशार होतं. ते गुडघ्याला लागलं आणि सत्यशीलानं डोळे गच्च मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं सुरेखाचा वर आलेला हात होता.

"न्हाई आत्या! मला वर घ्या!"

"घेते. पण आधी डोळे उघड. काय दिसतं ते बराबर सांग."

तिनं डोळे उघडले. पाणी. दगड. सासूचे पुढं केलेले दोन हात. बस, एवढंच!

तिनं पायरी सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, पायाखालचं सारं नाहीसं झालं. तिनं जिवाच्या आकांतानं हात मारले आणि खोकत, धापा टाकत ती वर आली. डब्यानं तिला तोलून धरलं होतं.

"आई तरंगली! आई तरंगली!"

राजनंदिनी रडतही होती आणि टाळ्याही पिटत होती. आईच्या काळजीनं ती कधी अर्ध्या पायऱ्या उतरून आली, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं!

सत्यशीलाला पोहायला यायला पुरता उन्हाळा लागला. भीती पार गेली, असंही नाही. अजून पहिल्या पायरीवर ती कमरेचा दोर चाचपून बघते. पण ती उतरते. विहिरीकडच्या वाटेनं शाळेत जायला लागलेली लेक तिच्यामागं उतरते, आणि आता शेजारच्या पोरीही.

वाचकहो, लेकरू जपायचं म्हणून आपण त्याला बागुलबुवा दाखवतो आणि आपली भीती त्याच्या पदरात टाकून मोकळे होतो. अर्धी सांगितलेली भीती लेकराच्या मनात एकटीच वाढत राहते. ती शेवटपर्यंत सांगा, आणि मग लेकराच्या आधी स्वतः तिच्यासमोर उभे राहा. काठावर उभं राहून ओरडायला आपण मुलींना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. आता त्यांना पाण्यात उतरायला शिकवू या!