समुद्रातून उत्तन

मीरा रोडच्या हौशी फोटोवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. ग्रुपची अॅडमिन समिधा. तिने एके दिवशी प्रश्न टाकला, "आयुष्यात एकच फोटो काढायला मिळाला, तर कुठला काढाल?" झालं. ज्यांचा कॅमेरा वर्षभरात सिल्व्हर पार्कच्या सिग्नलपलीकडे गेला नव्हता, तेसुद्धा धडाधड आइसलँडला जाऊन पोचले. कुणाला रात्रीच्या आकाशात नाचणारा हिरवा उजेड हवा होता, कुणाला आफ्रिकेतला सिंह, कुणाला बर्फावरचा बिबट्या. सुचेता राणेने लिहिलं, "उत्तन. समुद्रातून."

उत्तन म्हणजे जवळचंच, बसने जाता येणारं कोळ्यांचं गाव. त्यावर सूरज नावाच्या एका आगाऊ माणसाने विचारलं, "मॅडम, बस नंबर पाठवू का?" आणि सतरा जणांनी खाली हसरी तोंडं चिकटवली.

सुचेताला राग आला. पण काय लिहिणार? या लोकांना सांगून कळण्यातलं ते नव्हतं.

बावन्न वर्षांची ही बाई, अंधेरीला विमा कंपनीत नोकरी, कॅमेरा मुलाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. पण बघायच्या जागांची यादी कॅमेऱ्याच्याही आधीची. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, कडेला हळदीची बोटं उमटलेली. हंपीचे दगड. कच्छचं पांढरं रण, पौर्णिमेला. मेघालयातले झाडांच्या मुळांचे पूल. हंपीच्या वर्षी नवऱ्याची, यतीनची, कंबर धरली. रणाच्या वेळी सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. मेघालयाची तिकिटं काढणार तेवढ्यात मुलाची, निहारची, बारावी आली. यतीन काही वाईट माणूस नव्हता. फक्त सुट्टी झोपण्यासाठी असते असं त्याचं ठाम मत होतं. "गूगलवर असतात की फोटो," तो म्हणायचा, "आणि तुझ्यापेक्षा चांगले असतात." हे दुसरं वाक्य तिला लागायचं, कारण ते खरं होतं.

यादीत शेवटचं, अकरावं, होतं उत्तन. ते मात्र गूगलवर नव्हतं.

तीन वर्षं ती रविवारी सकाळी भाईंदरहून बस पकडून उत्तनला जात होती. बांबूंवर दोरीला लटकलेले बोंबील काढून झाले, चर्च काढून झालं, देऊळ काढून झालं, उन्हात पाय पसरून बसलेली मांजरं तर इतकी काढली की यतीनने मोजायचं सोडलं. पण दर वेळी घरी येऊन फोटो बघताना तिला वाटायचं, आपण या गावाची पाठच बघतोय. गावाचं तोंड समुद्राकडे आहे. तिकडून, परतणाऱ्या बोटीवरून ते कसं दिसत असेल, ते तिला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, ऑफिसात दाव्याचे कागद तपासताना मधेच तिच्या डोळ्यांपुढे ते येऊन उभं राहायचं आणि हातातलं पेन थांबायचं.

अडचण एकच होती. दशरथ.

दशरथची बोट 'गोदावरी'. सुचेताने त्याला गाठून, चहा पाजून, फोटो भेट देऊन वर्षभर विनवलं. त्याचं उत्तर दर वेळी तेच. "ताई, जाळी बोटीवर हाय तवर बाई न्हाय." त्यांच्या घरचा तो नियम होता. बोटीला नाव बाईचं, मासळी विकायची बाईने, फाटलं जाळं शिवायला हात बाईचे. बोटीवर पाय मात्र पुरुषाचा. इतर कुणी नेलंही असतं, पण सुचेताला 'गोदावरी'च हवी होती. त्याला कारण दशरथची आई.

ती गोदूबाई. बोटीला नाव तिचंच दिलेलं. सत्तरीची, काटक, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी सुचेता लांबून कॅमेरा रोखून बसली, तेव्हा हातातला बोंबील उगारून ती ओरडली होती, "ए बाय, चोरासारखं काय काढतंस? ये इकडं, बस." आणि बसवून तिच्या हातात निवडायला सुकट दिली होती. तेव्हापासून दर रविवारी सुचेता आधी सुकट निवडायची, मग फोटो काढायची. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नसे, ती गोष्ट वेगळी.

निवडता निवडता गोदूबाईने तिला लवूची गोष्ट सांगितली. लवू म्हणजे तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी तापाने गेलेला. तो समुद्रावरून परतायच्या वेळी गोदूबाई किनाऱ्याच्या टोकाला, सपाट खडकावर जाऊन उभी राहायची. अंगावर लाल लुगडं. आणि घरी आल्यावर जेवता जेवता लवू रोज सांगायचा, "दीपगृहाच्या वळणावर आलो की आधी तू दिसतेस. देऊळ न्हाय, माड न्हाय, आधी तू. मी तिकडून हात करतो. तू का करत न्हाय?"

"मग का नाही करायचात?" सुचेताने विचारलं.

"येडी हाय का मी? सगळं गाव बघतंय, आणि मी हात हलवू? आणि एवढ्या लांबून काय डोंबल दिसतंय! मला बोट दिसायची, ठिपका. त्याला माणूस दिसेल का? लाडीगोडी लावायचा मेला." असं म्हणून ती हसली. मग सुकटीतून मान वर न करता म्हणाली, "पण चाळीस वर्षं एकच खोटं कोण बोलतं गं?"

एवढंच गोदूबाईला जाणून घ्यायचं होतं. ती त्याला खरंच दिसायची, की नाही.

सुचेताने तेव्हाच तोडगा काढला होता. "मी बोटीवर गेले ना, की तुम्ही खडकावर उभ्या राहा. मी फोटो काढून दाखवते." गोदूबाईने तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. एकदा सुचेताने लेन्स फिरवून क्षितिजावरची बोट तिच्या नाकासमोर आणून दाखवली होती, ते ती विसरली नव्हती. "तुझी मशीन मोठं करून दाखवते. त्याच्याकडं मशीन होती का? नुसत्या डोळ्याला दिसतंय का, ते मला बघायचंय." वर डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "मोतीबिंदू काढलाय. नवे डोळे हायेत माझे."

मग एका गुरुवारी दशरथचा फोन आला. बोट विकली होती. त्याला आता समुद्र झेपत नव्हता, टेम्पो घेणार होता. अर्नाळ्याचे आत्माराम बोट न्यायला रविवारी येणार होते. "जाळी उतरवली, ताई. आता नियम न्हाय. वळणापर्यंत एक फेरी मारून तुम्हाला परत सोडतो, मग ते बोट घेऊन जातील. पण एकच हां. ओहोटी लागली की काय खरं न्हाय."

सुचेताने दोन बॅटऱ्या भरल्या, लेन्स तीनदा पुसली आणि मसाल्याचं कपाट उघडून अकराव्या ओळीकडे इतका वेळ बघत राहिली की यतीनने विचारलं, "काय जळतंय?" काही जळत नव्हतं. ती खूश होती. ग्रुपवर तिने लिहिलं, "रविवारी जातेय. समुद्रातून." सूरजने अंगठा पाठवला.

रविवारी ती पोचली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. 'गोदावरी' पाण्यावर डुलत होती, जाळी नसल्यामुळे उघडी उघडी वाटत होती. आत्माराम आधीच तिच्यावर चढून बसले होते. दशरथ बोटीपर्यंत नेणारी होडी धरून उभा होता. गोदूबाई वाळूवर बसून नुसतीच बोटीकडे बघत होती.

"गोदूबाई, तुम्हीपण चला," सुचेता म्हणाली. "आता नियम नाही. तुमचे नवे डोळे घेऊन चला."

गोदूबाई उठलीच. दोन पावलं टाकली आणि थांबली. "मी तिकडं गेले तर खडकावर कोण? मोकळा खडक बघू?"

खरंच की. सुचेताने दशरथच्या बायकोला, मिनलला, हाक मारली. गोदूबाई घरात जाऊन पेटीतलं लाल लुगडं घेऊन आली. ते बघताच मिनल मागे सरकली. "आई, उभी राहते मी, पण हे नको. साडी लाल आणते माझी."

"ती नायलॉनची. त्याला हे दिसायचं."

शेजारणीही गोळा झाल्या, आणि लुगडं बघून एकेक करून कामाला लागल्या. विधवेच्या पेटीतलं लुगडं कोण सवाष्ण अंगाला लावणार? कुणी तसं बोललं नाही. गोदूबाईलाही राग आला नाही, तीसुद्धा त्यांच्यातलीच. तिने लुगड्याची घडी पुन्हा नीट केली. "राहू दे. तू जा पोरी. फोटो काढ. ओहोटी लागेल."

सुचेता होडीकडे वळली. एक पाय पाण्यातही घातला. पाणी गार होतं, उजेड तिला हवा तसाच होता, तिरपा, सोनेरी, असा उजेड वर्षातून दहा दिवसही मिळत नाही. तिला इतकं वाईट वाटलं की त्या उजेडाचाच राग आला. तीन वर्षं मला हवंय हे, ती मनात म्हणाली, मी कुणाचं काय लुबाडत नाहीये. मग तिला चाळीस वर्षं एकच खोटं बोलणारा माणूस आठवला, आणि तिने पाय बाहेर काढला.

"द्या ते इकडे," ती म्हणाली. "मी उभी राहते."

"तू? तुझा नवरा हाय ना जिवंत?"

"आहे. झोपलाय. त्याच्या कंबरेला जे व्हायचं ते होऊन गेलंय, आता आणखी काही होत नाही."

जीन्सवरून लुगडं नेसवणं सोपं नव्हतं. गोदूबाईने गुडघे टेकून कासोटा खोचला, चष्म्याकडे बघून नाक मुरडलं आणि बजावलं, "हात करायचा न्हाय. मी कधी केला न्हाय. नुसती उभी राहा." सुचेताने कॅमेरा दशरथच्या गळ्यात अडकवला. "वळणावर आलात की फक्त हे बटण दाबा. बाकी सगळं लावून ठेवलंय." तो हो हो म्हणाला आणि त्याने आईला होडीत चढवलं.

मग सुचेता खडकावर जाऊन उभी राहिली. लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास होता. बोट लहान होत गेली, दीपगृहाच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली. एवढ्या मोठ्या समुद्रापुढे हातात काहीही न घेता उभं राहायची सुचेताला सवयच नव्हती. हात कुठे ठेवायचे कळेना. इकडे काय फ्रेम होईल, तिकडून काय होईल, असं मन सारखं मोजत होतं, आणि प्रत्येक वेळी आपला फोटो आत्ता तिकडे उभा आहे आणि आपण इकडे, हे तिला नव्याने टोचत होतं. वारा लुगडं फडफडवत होता. ती तशीच उभी राहिली. किती वेळ झाला तिला कळलं नाही. मग वळणावर एक ठिपका आला.

ठिपक्यात माणूस दिसत नव्हता. तिला हात करावासा वाटला, खूप वाटला. तिने दोन्ही मुठी लुगड्यात आवळून धरल्या.

होडी टेकली तेव्हा दशरथने खाली मान घालूनच कॅमेरा पुढे केला. "ताई, माफ करा. आईकडंच बघत राहिलो. बटण दाबायचं राहिलं."

सुचेताला रडू आलं. फोटोसाठी आलं, हे कबूल करायला तिला लाज वाटली नाही. अशी सकाळ आणि अशी बोट पुन्हा मिळणार नव्हती.

गोदूबाई पाण्यातून चालत आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. सुचेतासमोर उभी राहिली आणि तिने लुगड्याचा पदर दोन्ही हातांत धरला.

"आधी तूच दिसलीस," ती म्हणाली. "देऊळ न्हाय, माड न्हाय. आधी हे लाल. मग बाई. तू मुठी आवळल्यास, तेपण कळलं मला."

"मग खोटं नव्हते बोलत ते," सुचेता म्हणाली.

"न्हाय." गोदूबाईने पदर सोडला. "म्हणजे मी हात केला असता, तर तोपण त्याला दिसला असता."

मागे इंजिन सुरू झालं. आत्मारामांनी 'गोदावरी' वळवली, ओहोटी लागायच्या आत त्यांना निघायचं होतं. गोदूबाई खडकावर चढली, मागोमाग सुचेता. बोट थोडी दूर गेली तशी गोदूबाईने हात वर केला आणि हलवायला लागली, आधी जरासा, मग पूर्ण, खांद्यापासून. बांबूंपाशी बायका काम सोडून बघत होत्या. तिने वळून पाहिलं नाही.

सुचेताच्या गळ्यात कॅमेरा होता, बॅटरी भरलेली होती. तिने तो पाठीवर सरकवला आणि बोट वळणापलीकडे जाईपर्यंत तीही हात हलवत राहिली.