उजव्या बरगडीखाली

मनकर्णाबाईचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिचं पोट वाढत होतं. गावाला आणखी काय पाहिजे? १९५४ साली आमच्या गावात सिनेमा नव्हता, मनकर्णा होती.

मी तिची शेजारीण. तिचे पाय सुजतात, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागते, हे मला रोज दिसत होतं. विहिरीवरच्या बायकांना मात्र फक्त पोट दिसलं. सगळ्यांच्या पुढे पाटलीण गोजराबाई. एका सकाळी तिनं मनकर्णाच्या हातातला दोर हिसकावला.

"कोनाचं हाय ते पयले सांग, मंग पानी भर. नाई तं येत्या बाजाराच्या आंधी गाव सोड!"

मनकर्णा रिकामी घागर घेऊन घरी आली. मला इतका संताप आला की मी तडक बैलगाडी जुंपायला लावली आणि तिला मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिला उशीला टेकवून बसवलं. उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून हळूच दाबलं, तशी तिच्या मानेतली शीर टरारून फुगली. हृदयाची उजवी बाजू थकली आहे, ते म्हणाले. अंगातलं रक्त त्या बाजूला परत येतं, पण तिला ते पुढे ढकलता येत नाही, म्हणून पायांत आणि पोटात पाणी साचतं. मीठ बंद, आणि इंजेक्शनं.

"किती दिवस?" मी बाजूला होऊन विचारलं.

"मले सांगा," मनकर्णा म्हणाली. "मरन माह्यं हाय."

"वर्षभर. फार तर दोन," डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाले.

परतताना मी गाडीत रडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन मनकर्णा विहिरीवर हजर, आणि मी मागोमाग. बायकांनी वाट सोडली. ती काठावर बसली, दम खाल्ला, अन् गोजराबाईचा हात धरून आपल्या बरगडीखाली ठेवला.

"दाब."

"मी काहून दाबू?"

"पोर हाय म्हनतेस ना? दाब, अन् माह्या मानेकडे पाह्य."

गोजराबाईनं दाबलं. शीर फुगली, अगदी कानापर्यंत. तिनं हात काढला तशी शीर पुन्हा बसली.

"पानी हाय ते. कायीज थकलं माह्यं. डाक्तरनं वरीस-दोन वरीस सांगतलं."

गोजराबाईचा चेहरा पार उतरला. डोळे भरून आले तिचे, मला ते बघूनही बरं वाटलं नाही. तिनं लगबगीनं घागर उचलली. "बस व बाई तू! रोज मी भरून देतो तुले पानी. आपलीच हायेस तू."

"ठेव खाली," मनकर्णा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माह्या पोटात जीव हाय असं वाटलं, तवा घोटभर पानी नाई देल्लं तुमी. आता मरन हाय म्हनून घागर उचलून राह्यल्या?"

तिनं दोर घेतला. अर्धी घागर वर यायला तिला तीनदा थांबावं लागलं. मी पुढे झाले तर माझ्यावरही डोळे वटारले. आम्ही सगळ्या उभ्या होतो, आणि त्या विहिरीवर तिच्याशिवाय कुणीही हात हलवायची हिंमत केली नाही.