बंद मैदानावरचा खांब

मी एक जुना खो-खोचा खांब आहे. बेळगावच्या वडगावात, जिथे घराघरातून यंत्रमागांची खडखड ऐकू येते, तिथल्या मैदानावर मी उभा आहे. मित्रांनो, शहापूरच्या एका सुताराने मला सागवानातून घडवले आणि घासून घासून गुळगुळीत केले. पळत येणाऱ्या मुली मला धरून वळायच्या. अंगावर लाकडाचे एवढेसे कुसळ राहिले असते तरी त्यांचा तळहात फाटला असता.

परशरामअण्णा साड्या विणायचे. सकाळची पाळी संपली की कपड्यांवरचे सूत झटकत मैदानावर येऊन विणकरांच्या मुलींना खो-खो शिकवायचे. त्यांत राजेश्वरी सर्वांत चपळ. एका हाताने मला धरून ती आडवी झेपावायची आणि पळणारी मुलगी बाद करायची. मी मुळापासून हादरायचो, पण मला तिचा फार अभिमान वाटायचा.

२०२० च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांखालच्या राज्य संघाची निवड होणार होती. राजेश्वरीचे आप्पा एकदा मैदानावर येऊन म्हणाले होते, "संघात नाव आलं तर खेळू दे, अण्णा. न्हाय आलं तर चांगलं स्थळ हाय, मी सोडणार न्हाय."

मार्चमध्ये करोना आला आणि फाटकाला कुलूप लागले. निवड पुढे ढकलली गेली. मागही थांबले. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

पावसाळा सरता सरता फाटक उघडले. एकेकट्याने पळायला परवानगी होती, पण एकमेकांना हात लागेल असा खेळ बंदच होता. अण्णांनी तरीही मुलींना लांब लांब बसवले.

"पाठीला हात लावू नका गं. लांबनंच खो म्हणा."

मुली हसल्या आणि खेळू लागल्या. पण खो आपल्याला की शेजारणीला, हेच बसलेल्या मुलींना कळेना. दोघी एकदम उठल्या आणि एकमेकींवर आदळल्या. तेवढ्यात कुणाच्या तरी तक्रारीवरून हवालदार आले.

"मास्तर, पोरींना घरी पाठवा. एखादी आजारी पडली तर कोण जबाबदार?"

"व्हय साहेब," म्हणत अण्णांनी मुलींना घरी पाठवले. त्यांच्याच संघातल्या अंजनीची आई तेव्हा दवाखान्यात होती. ती आई तिथून परत आली नाही.

मग राजेश्वरी एकटीच यायची. समोर पळणारे कुणी नसायचे. ती मला धरून मोकळ्या हवेत झेपावायची, गुडघे झाडायची आणि पुन्हा मागे जायची. दिवाळीच्या सुमारास तिला अठरा वर्षे पूर्ण झाली. पाठोपाठ निवड रद्द झाल्याची बातमी आली.

"अण्णा, मोठ्या गटात खेळीन की मी. तुम्ही आप्पांना सांगा."

अण्णांनी सांगून पाहिले. आप्पा मैदानाच्या कडेला खाली मान घालून उभे होते.

"मागच बंद हाईत, अण्णा. मी कशाच्या जोरावर थांबू?"

लग्न ठरले. मोजक्या माणसांत लग्न करायला परवानगी होती. नऊ मुलींच्या खेळाला नव्हती.

निपाणीला सासरी जाण्याच्या आदल्या दिवशी राजेश्वरी आली. हातांवर मेंदी होती, म्हणून तिने मला हात लावला नाही. पुसट झालेल्या रेषेवर ती खेळात बसतात तशी उकिडवी बसली आणि पाठीमागून कुणी खो देईल म्हणून बसावे तशी बराच वेळ बसून राहिली. मग उठली आणि गेली.

पुढे सगळे निर्बंध उठले. पण अण्णांनी माग विकला होता आणि ते इचलकरंजीला कामाला गेले होते. अंजनी घर सांभाळत होती. माझ्यासमोरचा दुसरा खांब कुणीतरी उपटून नेला. आता मला तार बांधून लोक कपडे वाळत घालतात.

मित्रांनो, साथ आली तर मैदाने बंद करावी लागतात, हे मलाही कळते. पण कुलूप काढाल तेव्हा आधी इथे कोण खेळत होते ते विचारा आणि त्यांच्या घरी जा. मैदान आपोआप भरत नाही. इथे कुणी कुणाच्या घरी गेले नाही.